बॉनेट उघडणारा मालक

स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करावी, असे म्हणणारे पहिला मुद्दा पैशांचा मांडतात आणि तोच सर्वांत कच्चा असतो. अमेरिकेत गॅरेजची मजुरी तासावर आणि भक्कम आकारली जाते. तिथे घरच्या घरी ब्रेक पॅड बदलणाऱ्याची खरोखर बचत होते. आपल्याकडे हे गणित जुळत नाही. नाक्यावरचा मिस्त्री ऑईल आणि फिल्टर बदलायला जी मजुरी घेतो, ती चांगला जॅक, गोटी पान्यांचा संच आणि टॉर्क रेंच यांच्या किमतीपुढे किरकोळ असते. त्यातच नवशिक्याच्या हातून एखादा बोल्ट तुटला किंवा प्लास्टिकची क्लिप मोडली, की वर्षभराची बचत एका रविवारी संपते. तरीही गाडी असलेल्या प्रत्येक घरात निदान एका माणसाला तरी बॉनेटखालची पाच-सात कामे स्वतःच्या हाताने करता यावीत, असे माझे मत आहे. या कामांतून हाती लागते ती पारख, आणि गाडीमालकाला आज तिचीच सर्वांत जास्त गरज आहे.

ही गरज का, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अभ्यासकांनी १९७३ साली सेवांचा एक वेगळाच वर्ग दाखवून दिला. या सेवांची गरज होती की नव्हती, हे पैसे मोजून झाल्यावरही गिऱ्हाइकाला कळत नाही. गाडीची दुरुस्ती हे त्याचे ठळक उदाहरण. आंबा आंबट निघाला तर पहिल्या फोडीला समजते. थ्रॉटल बॉडी साफ करण्याची खरोखर गरज होती का, हे गाडी सुरळीत धावू लागल्यावरही समजत नाही. इथे निदान करणाराच उपचाराचे पैसे घेतो. सर्व्हिस सेंटरमधल्या जॉब कार्डवर इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन कोटिंग, एसीचे निर्जंतुकीकरण अशी कामे एकेक करून चढत जातात आणि मालक मान डोलावतो, कारण नाही म्हणायला जी माहिती लागते ती त्याच्यापाशी नसते. यात कोणी लबाडच असावा लागतो असे नाही. विक्रीचे लक्ष्य आणि समोरच्याचे अज्ञान एवढे पुरते. ज्याने एकदा डॅशबोर्डच्या खणामागचा एसीचा फिल्टर स्वतः काढून पाहिला, त्याला बिलातली ती ओळ वाचता येते. हे काम बहुतेक गाड्यांत पान्याशिवाय, काही मिनिटांत होते. ब्रेक पॅडची उरलेली जाडी ज्याने डोळ्यांनी पाहिली, त्याला पॅड आता बदलायचे की पुढच्या सर्व्हिसिंगला, हे विचारता येते.

ही पारख पुस्तकातून येत नाही, कारण दुरुस्ती ही मुळात पुराव्यावरून निष्कर्ष काढण्याची शिस्त आहे. समजा, इंजिन अडखळते आहे आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला छोटा स्कॅनर जोडला की पी ०३०१ असा कोड दिसतो. पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही, एवढेच तो सांगतो. दोष प्लगमध्ये असेल, इग्निशन कॉइलमध्ये, इंजेक्टरमध्ये किंवा कॉम्प्रेशनमध्येही. उतावळा माणूस सगळेच भाग बदलून टाकतो. विचार करणारा पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करतो आणि पुन्हा कोड वाचतो. आता पी ०३०२ आला, म्हणजे बिघाड कॉइलबरोबर सरकला, दोषी सापडला. कोड तोच राहिला, तर कॉइल निर्दोष आणि तपास पुढे चालू. नवा भाग विकत न घेता केवळ युक्तीने सत्यापर्यंत पोहोचण्याचे जे समाधान इथे मिळते, ते ऑफिसातल्या बऱ्याच कामांत दुर्मीळ झाले आहे. मनस्तापही तितकाच खरा. गंजलेला नट तसूभर हलत नाही. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पोलादी प्लग तिरका बसवून जोर लावला की आटे जातात आणि दोनशे रुपयांच्या कामाचे काही हजारांचे होते. म्हणून प्लग आधी बोटांनी फिरवून आट्यात बसवायचा आणि पाना शेवटी लावायचा. बॅटरी काढताना ऋण टर्मिनल आधी सोडायचे, कारण धन टर्मिनल सोडताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला तर शॉर्ट सर्किट होते. अशा प्रत्येक नियमामागे कारण असते आणि ते विसरणाऱ्याला यंत्र लगेच ताळ्यावर आणते. मालकाचा हुद्दा, पदवी, वट यांपैकी काहीच तिथे चालत नाही.

म्हणूनच हा प्रश्न केवळ गाडीपुरता नाही. हाताने काम करणारा खालचा आणि डोक्याने करणारा वरचा, ही उतरंड आपल्या समाजात जातिव्यवस्थेने घट्ट बसवली. तेल-ग्रीसने माखलेला हात म्हणजे शिक्षण कमी पडल्याची खूण, असे आजही सुशिक्षित घरांत सर्रास मानले जाते. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम करावे, असा आग्रह धरला. त्या योजनेचे पुढे काय झाले हा वेगळा विषय. पण काम करता करता बुद्धी घडते, हा तिचा गाभा बॉनेटखाली आजही तपासून पाहता येतो.

आता आक्षेपांकडे येऊ. सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हा काळ गेला. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी किंवा कार्बोरेटरवर चालणारी जुनी मारुती ८०० घरी खोलता येत होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले. आता इंजिनाचा कारभार संगणक पाहतो, तिथे मालकाने काय करायचे? यात तथ्य आहे, पण अर्धेच. याच इलेक्ट्रॉनिक्समुळे गाडी आपला बिघाड स्वतः नोंदवू लागली आहे आणि ती नोंद वाचणारा साधा स्कॅनर सामान्य माणसाच्या आवाक्यात आला आहे. टायर, वायपर, फिल्टर, कूलंट, फ्यूज, १२ व्होल्टची बॅटरी हे सारे पूर्वीसारखेच माणसाच्या हातापुरते आहे. खरा अडथळा बऱ्याचदा माहिती अडवून ठेवण्याचा असतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि तपासणीची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे हे स्पर्धेला मारक असल्याचे आयोगाने म्हटले. बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असेही बजावले. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि मोबाइल, घरगुती उपकरणे, शेतीची अवजारे यांच्याबरोबर वाहन क्षेत्राचाही त्यात समावेश केला. पण मागणाराच नसेल तर हक्क कागदावर राहतो. दुरुस्तीची पुस्तिका मागणार तोच, ज्याला ती उघडून काही करायचे आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो बिनशर्त मान्य करायला हवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी पक्के स्टँड लागतात. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे चेहरा भाजून घेणे. एअरबॅगची वायरिंग, स्टिअरिंग, ब्रेकची हायड्रॉलिक यंत्रणा, इंधनाची लाइन आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या केबल ही हौशी माणसाची कामे नव्हेत. दुरुस्ती आणि फेरबदल यांतली रेषाही पाळायला हवी; मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. काढलेले जुने ऑईल घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतण्यापेक्षा काम गॅरेजला दिलेले बरे. पण या यादीतून आणखी एक गोष्ट सिद्ध होते. काय करू नये, हे नेमके त्यालाच ठाऊक असते ज्याने थोडेफार करून पाहिले आहे. टायरचा घासलेला कडेचा भाग, गळणारे कूलंट, तडकलेला पट्टा अपघाताआधी कोणाला दिसतो, तर महिन्यातून एकदा तरी वाकून पाहणाऱ्याला.

तिसरा आक्षेप माणुसकीचा आहे. सगळे घरीच करू लागले तर पुण्याच्या नाना पेठेतल्या, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या आणि तालुक्याच्या गावातल्या गॅरेजवाल्याने खायचे काय? भीती समजण्यासारखी आहे, पण उलटी आहे. कोणीही मालक क्लच प्लेट बदलायला किंवा हेड गॅस्केट टाकायला घरी बसणार नाही. त्याने उचललेली कामे छोटी असतात आणि त्यातून तो शिकतो ती मोठ्या कामाची किंमत. ज्याने गंजलेल्या नटाशी दुपारभर झुंज दिली, तो मिस्त्रीच्या मजुरीवर घासाघीस करत नाही. अडाणी गिऱ्हाइकाला कसबी कारागीर आणि नुसते भाग बदलणारा यांतला फरक कळत नाही, म्हणून तो चकचकीत काचेला भुलतो. आवाजावरून बेअरिंग ओळखणाऱ्या छोट्या गॅरेजवाल्याला जाणत्या गिऱ्हाइकाइतका दुसरा आधार नाही.

उरतो प्रश्न वेळेचा आणि जागेचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याकडे शेड नसते आणि बऱ्याच सोसायट्यांत पार्किंगमध्ये पाना काढला की हरकत घेतली जाते. ही अडचण एकट्याने सुटणार नाही, म्हणून तिच्यावरचा उपाय सार्वजनिक हवा. पिंपरी, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथे गाड्या बनवणाऱ्या या राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत आयटीआय आहेत आणि अनेक ठिकाणी मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो. तिथल्या कार्यशाळा सुटीच्या दिवशी माफक शुल्कात गाडीमालकांसाठी उघडाव्यात; निदेशक शिकवतील, अवजारे तिथेच असतील, जुने ऑईल नियमानुसार गोळा होईल. गॅरेजमध्ये ज्यांच्याशी बोलायचेच टाळले जाते त्या महिला चालकांना याचा फायदा सर्वांत आधी होईल. कंपन्यांनीही प्रत्येक गाडीची दुरुस्ती पुस्तिका मराठीसह भारतीय भाषांत खुली करावी. लाखो रुपये मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल एवढे मागणे अवास्तव नाही. तोपर्यंत सुरुवात फुकटात होते: गाडीसोबत आलेली मालक-पुस्तिका बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघालेली नाही. ती वाचावी, एसीचा फिल्टर स्वतः बदलावा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला जॉब कार्डवरच्या प्रत्येक ओळीखाली एकच प्रश्न विचारावा: हे कशावरून?