भिंतीवरच्या चित्रात नवरा कुठे आहे?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य.

विषय : कुटुंब नियोजनाच्या प्रचारात पुरुषांशी बोलण्याबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,

मुंबईच्या गर्दीच्या रेल्वे स्थानकांवर एके काळी पुरुष नसबंदी होत असे. साठच्या दशकाच्या अखेरीस महापालिकेच्या कुटुंब नियोजनाची धुरा सांभाळणारे डॉ. डी. एन. पै यांनी तिथे केंद्रे उघडली होती. पुरुष दवाखान्यात येत नाही ना, मग दवाखानाच त्याच्या वाटेवर नेऊ, असा रोकडा हिशेब. १९६८ साली ‘निरोध’ हा सरकारी कंडोम बाजारात आला तोही याच हिशेबाने : पंधरा पैशांना तीन. चहा आणि साबण विकणाऱ्या कंपन्यांच्याच गाड्यांतून तो वाण्याच्या अन् पानवाल्याच्या फळीवर पोचला. सोबत कुटुंब नियोजनाची खूण असलेला लाल त्रिकोण होताच; अक्षरओळख नसलेल्यालाही तो कळे.

त्याच्याही कितीतरी आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. त्यांनी नोकरी गमावली, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा या विषयावर चारचौघांत बोलायला महाराष्ट्राने लाजावे, असे काही नाही.

मग घोडे अडले कुठे? आणीबाणीत. १९७६-७७ या एका वर्षात देशात साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली, अनेकांची धाकदपटशाने. सरकार पडले आणि पुरुषांपुढे हा शब्द काढण्याची हिंमतही त्याच्यासोबत गेली. प्रचाराचे तोंड तेव्हापासून बाईकडे वळले ते वळलेच. खरे तर चूक सक्तीची होती, शस्त्रक्रियेची नव्हे. पण शिक्षा भोगली बायकांनी.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांचे ऑपरेशन झालेले आढळले. नवऱ्याने नसबंदी करून घेतलेल्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचे ऑपरेशन झालेले होते आणि पुरुषांचा आकडा एक टक्काही भरत नव्हता.

कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात ऑपरेशनच्या दिवशी डोकावावे. खाटांवर ओळीने बायका, पोटावर हात धरून कुशीवर वळणाऱ्या. बाहेर व्हरांड्यात सासूच्या मांडीवर तान्हे पोर, आणि नवरा चहाचा थर्मास घेऊन फाटकाशी. बाईच्या पोटाला छेद द्यावा लागतो. पुरुषाची बिनटाका नसबंदी तेवढी जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत उरकते आणि तो त्याच दिवशी घरी जातो. तरी पारावर चर्चा तीच : ‘जड उचलता येत नाही म्हणे’, ‘मर्दपणा जातो म्हणे’. या ‘म्हणे’ला उत्तर देणारी भिंत गावात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट फलकावर ठळक यायला हवी. नसबंदीनंतर लगेच निर्धास्त होता येत नाही. साधारण तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून खात्री पटेपर्यंत निरोध वापरावा लागतो. हे नवऱ्याला माहीत नसेल आणि मधल्या काळात दिवस राहिले, तर संशय बायकोवर जातो. एका न रंगवलेल्या ओळीपायी संसार मोडू शकतो.

२०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने वाहिन्यांना निरोधच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळेत दाखवायला सांगितले. तेव्हा दिवसा उरल्या त्या गोळ्यांच्या जाहिराती, म्हणजे पुन्हा बाईच. पुरुषासाठी उरतो तो पुरुष नसबंदी पंधरवडा; तो २१ नोव्हेंबरला येतो आणि ४ डिसेंबरला संपतो.

मंत्रिमहोदय, भिंती आहेत, एसटीची स्थानके आहेत, आकाशवाणीची सकाळ आहे. यंदाचे फलक रंगवायला देण्याआधी मजकूर एकदा मागवून घ्यावा. त्यात पुरुषाला उद्देशून एक वाक्य तरी आहे का, तीन महिन्यांची ओळ आहे का, एवढे पाहावे. नसेल तर फलक परत पाठवावा.

कळावे.