विश्लेषण : कारमधील नॅव्हिगेशन का चुकते? दोष उपग्रहाचा की नकाशाचा?

उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नोव्हेंबर २०२४ मध्ये रामगंगा नदीवरील तुटक्या पुलावरून कार कोसळून तिघांचा मृत्यू झाला. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला पुलावर जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेलेली कार खाडीत पडली. चालक महिलेला वाचवण्यात आले. दोन्ही वेळी चर्चा झाली ती ‘जीपीएस’च्या चुकीची. प्रत्यक्षात यात दोन वेगळे प्रश्न आहेत.

जीपीएस नेमके काय सांगते?

तुम्ही कुठे आहात, एवढेच. सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह वेळेची नोंद असलेले संदेश पाठवतात. संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते आणि किमान चार उपग्रहांच्या आधारे स्थान ठरते. वेळ मोजण्यात एका मायक्रोसेकंदाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकते.

अचूकता किती?

मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनला साधारण ५ मीटरपर्यंत अचूक स्थान मिळते. महामार्गाची एक मार्गिका मात्र साडेतीन मीटरचीच असते. त्यामुळे कार मुख्य रस्त्यावर आहे की लगतच्या सेवा रस्त्यावर, हे केवळ उपग्रहावरून खात्रीने सांगता येत नाही. उंच इमारतींमध्ये संदेश भिंतींवर आदळून उशिरा पोहोचतो आणि चूक वाढते. बोगद्यात तो पोहोचतच नाही. तेथे वेग आणि दिशेवरून अंदाज बांधला जातो.

उड्डाणपुलापाशी गोंधळ का?

सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूलाच असतात. त्यामुळे उंची मोजण्यातील चूक आडव्या चुकीपेक्षा जास्त असते. त्यात ॲप तुमचा ठिपका नकाशावरील जवळच्या रस्त्यावर नेऊन बसवते. पूल आणि त्याखालचा रस्ता एकाच रेषेत असतील, तर निवड चुकू शकते. सपाट पडद्यावर चालकालाही वर जायचे की खालून, हे चटकन कळत नाही.

मग बरेलीत काय घडले?

तेथे प्रश्न मीटरचा नव्हता. स्थान अगदी बिनचूक मिळाले असते, तरी पुढे पूल नाही हे जीपीएसला कळले नसते. ती माहिती नकाशात असावी लागते. रस्ता बंद झाल्याची नोंद कोणी तरी कळवावी लागते आणि कंपनीने ती वेळेत नकाशात आणावी लागते. त्याआधी रस्त्यावर भक्कम अडथळा हवा. म्हणूनच या प्रकरणात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांवरही गुन्हा दाखल झाला.

चालकाने काय करावे?

अनोळखी भागात, विशेषतः रात्री आणि पावसाळ्यात, ॲपने सुचवलेला आडरस्ता टाळून मुख्य रस्ता धरावा. फाट्यावर ॲपपेक्षा दिशादर्शक फलकावर विश्वास ठेवावा. पुढचा रस्ता दिसत नसेल, तर गाडी थांबवून खात्री करावी. पडद्यावरची निळी रेघ हा सुचवलेला मार्ग आहे. तो आज शाबूत असल्याची हमी नव्हे.