उत्तरे कोण जपणार?

1883 सालचे कुलाबा-जंजिऱ्याचे गॅझेटियर आजही अभ्यासकाला वाट दाखवते. पण त्यात बोलते ते सरकार. रयतेचा आवाज क्वचितच ऐकू येतो. आज रयत बोलते, लिहितेही. प्रश्न आहे तो तिचे लिहिणे जपण्याचा.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. सरकारी इशारे ट्विटरवर, म्हणजे आजच्या एक्सवरही, दिले गेले. अशा मजकुराखाली लोक जी उत्तरे लिहितात, तोच खरा पंचनामा! ती मिळवण्याची रीत सोपी आहे. मूळ मजकूर आणि त्याखालची सारी उत्तरे यांवर संभाषणाचा एकच क्रमांक असतो. एपीआय नावाच्या खिडकीवर संगणकाने तो क्रमांक सांगितला की उत्तरे हाती येतात. मात्र साधा शोध गेल्या 7 दिवसांपुरताच चालतो. जुने भांडार 2021 साली विद्यापीठीय संशोधकांना विनामूल्य खुले झाले होते. 2023 साली ती सवलत संपली. आता खिडकीवर दाम मोजावे लागतात.

मग कला शाखेने हातावर हात ठेवून बसावे काय? मुळीच नाही! पुढच्या आपत्तीत पहिल्या आठवड्यातच आपण उत्तरे गोळा करावीत. दाम परवडले नाहीत तर वहीत उतरवावीत आणि नावे गाळून ग्रंथालयात ठेवावीत. ज्यांचे फोनच बंद पडले, त्यांच्यासाठी कोळीवाड्यात जावे. एरवी शंभर वर्षांनी सरकारचा इशारा तेवढा सापडेल; गाव त्यावर काय म्हणाले, ते कोण सांगणार?