बाग फक्त शहरालाच का? लिंबागणेशसारख्या गावांनी ती कशी मागायची, समजून घ्या

बीड तालुक्यातलं लिंबागणेश भालचंद्र गणपतीच्या मंदिरासाठी ओळखलं जातं. अशा गावांत संध्याकाळी बसायच्या जागा ठरलेल्या : मंदिराचं आवार, पार, नाहीतर चहाची टपरी. पण टपरीवर ना म्हाताऱ्या बाया बसतात, ना मुली. छोटी का होईना, सार्वजनिक बाग हवी ती त्यांच्यासाठी.

मग बाग शहरातच का दिसते? ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत. त्यात उद्याने, बागा, क्रीडांगणे स्पष्ट लिहिली आहेत. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत विषय २९, पण बागेचा उल्लेख नाही. सामाजिक वनीकरण आणि सामूहिक मालमत्तेची देखभाल मात्र आहे. म्हणजे मनाई नाही. मागायची सवय नाही.

बीड जिल्ह्यात तर ही गरज जास्तच. ऊसतोडीचा हंगाम लागला की जोडपी कोयता घेऊन निघतात आणि अनेक घरांत आजी-आजोबा, नातवंडं उरतात. बीडजवळच्या पालवणला सह्याद्री देवराईत फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्ष संमेलन झालं, अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं गेलं. कौतुकाचीच गोष्ट. पण गुडघे दुखणारी आजी रोज देवराईत जाणार नाही. तिला पाच मिनिटांवरची सावली हवी.

पैसा कुठून येणार?

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होता. उरलेला ४० टक्के, पगार-आस्थापना खर्च सोडून, गावाच्या गरजेनुसार वापरता येत होता. अशा अबंधित निधीत बाग बसू शकते. त्यासाठी ती ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात यावी लागते आणि आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते.

दुष्काळी भागात बागेला पाणी कुठलं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हिरवळ नको, कारंजं तर नकोच (ते उद्घाटनापुरतंच उडतं). लिंब, वड, पिंपळ, करंज सुरुवातीची दोन-तीन वर्षं जगवले की पुढे फार पाणी मागत नाहीत. बसायला ओटे, रात्री दिवा, बायांसाठी स्वच्छतागृह, एवढं पुरे. आणि उन्हाळ्यात रोपांना पाणी कोण घालणार, हेही त्याच ठरावात लिहून घ्यावं.