लेथवाल्या काकांना कशाला अडकवता?

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे आणि विषय जरा वेगळा आहे. रस्ते, पाणी, लोकल सगळं आहेच, ते उद्या. आज पिस्तुलाबद्दल लिहितोय. दचकू नका, पूर्ण वाचा.

परवा संध्याकाळी अंबरनाथहून एक काका घरी आले. जन्मभर टर्नर म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्यावर आनंदनगर एमआयडीसीत एका गाळ्यात भाड्याने कोपरा घेतला. एक जुनं लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि हात असा की मायक्रोमीटर लावायच्या आधीच माप सांगतील. चहा झाला तरी विषयावर येईनात. शेवटी म्हणाले, "तू पेपरवाला आहेस, तुला कायद्यातलं कळतं. एका मोठ्या घरचं काम आलंय. नाही कसं म्हणू?"

काम असं. बदलापूर गावात एक निवृत्त फौजी अधिकारी राहतात. नाव, हुद्दा काही लिहिणार नाही, तुम्हीही तर्क लढवू नका. वय ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडे लष्कराच्या जुन्या साठ्यातून रीतसर विकत घेतलेलं 9 मि.मी.चं पिस्तूल आहे. परवाना चालू, निवडणूक आली की इतरांसारखं तेही पोलिस ठाण्यात जमा करतात, पावती घेतात, निकालानंतर परत आणतात. सगळं सरळ. घोळ पुढच्या पिढीचा आहे. चिरंजीवांना ते पिस्तूल आपल्या नावावर हवंय. 9 मि.मी. पडतं प्रतिबंधित बोअरमध्ये, ज्याला सगळे पीबी म्हणतात, आणि त्याचा परवाना दिल्लीहून, केंद्रीय गृह मंत्रालयाकडून मिळतो. साध्या बोअरचा परवाना आपल्याकडे ठाण्याचे पोलिस आयुक्त देतात. म्हणून चिरंजीवांनी हिशेब मांडला की नळी बदलून पिस्तूल .32 चं करून टाकू, म्हणजे दिल्लीची कटकट संपली. कुणीतरी सांगितलं, उल्हासनगर-अंबरनाथमध्ये काय बनत नाही? आणि फिरत फिरत ते काकांपर्यंत आलं.

वर काकांना सांगितलं गेलं, "आमच्याकडे लायसन आहे, तुम्ही घाबरू नका."

माझं म्हणणं या एका वाक्याबद्दल आहे.

लायसन आहे ते पिस्तूल बाळगायचं. बदलायचं नाही. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 5 उघडून बघा. शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, त्यात बदल करणं, या प्रत्येक गोष्टीला वेगळा परवाना लागतो आणि तो काम करणाऱ्याकडे असावा लागतो. मालकाचा कागद कारागिराच्या उपयोगाचा नाही. त्यात 2019 ला कायदा दुरुस्त झाला आणि कलम 6 मध्ये नवे शब्द आले. आधी तिथे नळी कापून आखूड करणं आणि खोट्या बंदुकीची खरी करणं एवढंच होतं. आता शस्त्र नियम 2016 मधल्या एका वर्गातलं शस्त्र परवान्याशिवाय दुसऱ्या वर्गात बदलणं हाही गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, शिवाय दंड. चिरंजीवांना जे हवंय ते नेमकं हेच आहे, पीबीचं साधं करणं. लेथवर दोन दिवसांचं काम आणि वयाच्या पासष्टीत सात वर्षं. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही.

आता चिरंजीवांची बाजूही सांगतो, कारण माणूस गुंड नाही. मी त्यांच्याशी फोनवर बोललो. त्यांचा मुद्दा बिनबुडाचा नाही. ते म्हणाले, "सरकारला 9 मि.मी. लोकांकडे नकोच आहे ना? मग मी ते कमी ताकदीचं करतोय. कायद्याला हवं त्याच दिशेने चाललोय, मग शिक्षा कसली?"

खरंय, हा भेद बंदुकीपेक्षा काडतुसाचा आहे. नियमांतली भाषाच अशी आहे की लष्कराचं 9 मि.मी. किंवा .380, .455 चं काडतूस ज्यात भरून उडवता येतं ते पिस्तूल प्रतिबंधित. फौजेचा दारूगोळा चोरीला गेला तरी तो बाहेरच्या हत्यारात चालू नये, हा त्यामागचा विचार. सरकारने स्वतःही हेच केलंय. ईशापूरच्या कारखान्यातली .315 ची रायफल म्हणजे जुन्या एन्फिल्डचाच सांगाडा, फक्त बोअर असा की त्यात .303 चं लष्करी काडतूस चालू नये. पोलिसांना .410 ची मस्केट दिली जायची, तीही त्याच घराण्यातली. इटलीत तर कित्येक दशकं सामान्य माणसाला 9 बाय 19 चं पिस्तूल ठेवता येत नव्हतं, म्हणून तिथल्या कंपन्यांनी दोन मिलिमीटर लांब कवच असलेल्या काडतुसाची, 9 बाय 21 ची पिस्तुलं काढली. ती बंदी 2021 च्या कायद्याने गेली. म्हणजे बोअर बदलण्यात पाप नाही.

पण हे सगळं झालं कारखान्यात. प्रत्येक नळीवर नंबर, प्रत्येक नळी जास्त दाबाच्या काडतुसाने तपासलेली, नोंद झालेली. आपल्या गाळ्यात काय होणार? नवी नळी बसेल. आणि जुनी? ती 9 मि.मी.ची नळी हवेत विरत नाही. कपाटाच्या खणात पडून राहते, आणि ज्या दिवशी कुणाला वाटेल त्या दिवशी परत बसते. कागदावर .32, हातात 9. चिरंजीव असं करणार नाहीत, मान्य. पण ते पिस्तूल उद्या कोणाच्या हातात असेल हे त्यांना तरी कुठे माहीत आहे? कायदा दिशा बघत नाही ते यामुळे.

जुन्या साठ्याचं काय होतं हे देशाने बघितलंय. जबलपूरच्या सेंट्रल ऑर्डनन्स डेपोतून मोडीत काढलेल्या एके-47 बाहेर गेल्या, दुरुस्त झाल्या आणि बिहारात मुंगेरला विकल्या गेल्या, ते प्रकरण 2018 चं. त्यात पकडला गेलेला एक जण निवृत्त आर्मरर होता. म्हणजे आमच्या काकांसारखाच हातात कला असलेला माणूस. फरक इतकाच की काका आधी विचारायला आले.

बरं, कायदा बाजूला ठेवा. काम तरी नीट होतं का? काकांनीच मला पाटीवर समजावलं. लहान भोकाचं मोठं करणं सोपं, मोठ्याचं लहान करायचं तर आत दुसरी नळी घालावी लागते. 9 मि.मी.च्या गोळीचा व्यास साधारण 9.03, .32 ची गोळी आठला थोडी कमी. काडतुसाचं बूड वेगळं, म्हणून ते धरून ओढणारा आकडा वेगळा, मॅगझिन वेगळं, स्प्रिंग वेगळी. आणि मुख्य म्हणजे ताकद. 9 मि.मी.चा कमाल दाब 35,000 पीएसआय, .32 चा 20,500. मोठ्या काडतुसासाठी बनलेली ती जड स्लाइड एवढ्याशा धक्क्याने पूर्ण मागे जाईलच याची खात्री नाही. एक गोळी उडायची आणि दुसरी अडकायची. संरक्षणासाठी पिस्तूल हवं म्हणणाऱ्याच्या हातात असलं काहीतरी देणं म्हणजे गंमतच.

उलट्या दिशेचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ब्रिटिशांनी काढून टाकलेली .455 ची वेब्ली रिव्हॉल्व्हरं तिथे स्वस्तात गेली. .455 ची काडतुसं मिळेनात, .45 एसीपी दुकानादुकानात, म्हणून सिलिंडरचा मागचा भाग घासून ती त्यात बसवली. बसली छान. पण .45 चा दाब मूळ काडतुसापेक्षा बराच जास्त, आणि जुन्या सिलिंडरांना तडे गेले. बसतंय म्हणजे चालतंय असं नसतं, हे कुठल्याही टर्नरला विचारा. ईशापूरला 7.62 ची एन्फिल्ड काढली तेव्हा नुसती नळी बदलून भागलं नव्हतं, पोलादही बदलावं लागलं होतं.

काहीजण म्हणतील, पत्रकार पिस्तूल ठेवायच्या विरोधात आहे. तसं सरसकट नाही. लांबच्या बंगल्यात एकटे राहणारे म्हातारे-म्हाताऱ्या आपल्याकडे वाढलेत, त्यांची भीती मला कळते. पण परवान्याचं हत्यार घरात आलं की सगळे सुरक्षित, हेही मला पटत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरच्या हिललाईन पोलिस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात काय झालं ते आपण सगळ्यांनी सीसीटीव्हीत पाहिलंय. प्रकरण कोर्टात आहे, जास्त बोलत नाही.

मग या घराने करायचं काय? नियमांत वाट आहे. परवानाधारकाने सत्तरी ओलांडली असेल किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगलं असेल, तर हयातीतच ते कायदेशीर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. प्रतिबंधित बोअर आहे म्हणून कागद दिल्लीला जाईल, वेळ लागेल, लागू दे. वारसाहक्काने आलं तरी एका माणसाकडे दोनापेक्षा जास्त शस्त्रं नकोत, हे 2019 पासून आहे, तेवढं तपासा. नको असेल तर पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. आणि नुसती आठवण जपायची असेल, तर कलम 45 सांगतं की दुरुस्त करूनही जे कधीच चालू शकणार नाही अशा जुन्या हत्याराला हा कायदा लागत नाही. पण "कधीच चालणार नाही" हे ठरवणारे तुम्ही-आम्ही नाही आणि काकाही नाहीत. ते स्वतःहून लेथवर निकामी करून आणू नका. आधी अर्ज, मग हात.

राग मला चिरंजीवांचा कमी आणि आपल्या व्यवस्थेचा जास्त येतोय. ही माहिती मी कलमं उघडून, एका वकील मित्राला दोनदा फोन करून गोळा केली. पोलिस ठाण्याच्या भिंतीवर सायबर फसवणुकीचे फलक आहेत, भाडेकरू नोंदणीचे आहेत. वडिलोपार्जित शस्त्राचं काय करायचं, कुणाकडे जायचं, कुठला कागद लागतो, हे मराठीत दहा ओळींत का लावता येत नाही? अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी काडतुसांचं पितळ बनवते, आसपास किती घरांत फौजी आहेत, किती घरांत कारखान्यातले जुने हात आहेत. जिथे जुनं हत्यार आणि ते बदलू शकणारा माणूस एका रिक्षाच्या अंतरावर राहतात, तिथे हा फलक सगळ्यात आधी लागायला हवा.

घोडे बदलायची जागा म्हणून बदलापूर, असं जुने लोक सांगतात. घोडे बदलले, ठीक. चिरंजीवांना मी हे बोललो तेव्हा ते हसले, आणि म्हणाले वडिलांना अजून विचारलंच नाही. म्हणजे ज्यांचं पिस्तूल, ज्यांच्या नावाचा परवाना, त्या माणसाला घरात कुणी सांगितलंही नव्हतं! रविवारी तिघं जण बसणार आहेत, वडील, चिरंजीव आणि मी. काकांना बोलावलेलं नाही, त्यांनी काम घेतलेलं नाही आणि पिस्तूल डोळ्यांनी बघितलेलंही नाही.

फलकासाठीचा अर्ज मी लिहून ठेवलाय. बदलापूर पूर्व आणि पश्चिम, दोन्ही पोलिस ठाण्यांत सोमवारी देतोय. पोच मिळाली की इथेच टाकतो.