ठराव लिहूनच उठा

रिठदसारख्या गावात वस्तीची नाली तुंबते, समाजमंदिर गळते. आपण पारावर बोलतो आणि घरी जातो. बंधू-भगिनींनो, बोलण्याने नाली होत नाही, ठरावाने होते. ग्रामपंचायतीला उत्पन्नाचे 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्चावे लागतात. ही भीक नव्हे, हक्क आहे.

आपण आधी लेखी अर्ज देऊ, पोच घेऊ. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा होते. घाण पाणी आयाबहिणीच तुडवतात, तेव्हा विषय त्यांनीच मांडावा. ग्रामसभेला 100 किंवा 15 टक्के, यांतले कमी तेवढे मतदार हजर लागतात. म्हणून घरटी दोघे चला. भांडण नको. नालीने शेजारच्या मोहल्ल्याचेही पाणी निघेल, हे पटवून द्या. आणि ठराव वहीत चढल्याशिवाय उठू नका.