बंदूक काढली, हिशेब तोच राहिला

'सबनॉटिका' या गेमची शिफारस करणारा माणूस पहिल्या दोन वाक्यांत "यात बंदूक नाही" हे सांगतोच. तिसऱ्या वाक्यात गेम अहिंसक होतो, चौथ्यात पर्यावरणवादी. मी हा गेम दोनदा शेवटपर्यंत खेळले आहे आणि सर्व्हायव्हल प्रकारातल्या गेम्समध्ये तो मला सगळ्यात वरचा वाटतो. म्हणूनच ही शिफारस मला खटकते. ती गेमच्या खऱ्या ताकदीबद्दल काहीच सांगत नाही आणि त्याच्या सगळ्यात मोठ्या दोषावर पांघरूण घालते.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'अननोन वर्ल्ड्स' या अमेरिकन कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये हा गेम अर्धवट अवस्थेत, म्हणजे 'अर्ली अ‍ॅक्सेस'मध्ये विकायला काढला आणि जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण केला. 'अरोरा' नावाचं अवकाशयान जवळपास पूर्ण समुद्रानेच व्यापलेल्या एका ग्रहावर कोसळतं. तुम्ही एका छोट्या लाइफपॉडमधून बाहेर येता. सुरुवातीला श्वास पुरतो ४५ सेकंद. मासे पकडून खायचे, त्यांच्यापासूनच पाणी मिळवायचं, खडक फोडून टायटॅनियम आणि तांबं गोळा करायचं, त्यातून अवजारं, मग पाणबुड्या, मग समुद्रतळावर घर. शेवटी रॉकेट बांधून निघून जायचं.

पहिले दहा-बारा तास हा गेम जे करतो ते मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये अनुभवलेलं नाही. तो तुम्हाला अडाणी ठेवतो. नकाशा देत नाही. कुठे जायचं ते बाणाने दाखवत नाही. रेडिओवर तुटक संदेश येतात, त्यांच्या आधारे आपणच दिशा धरायची. बहुतेक गेम्समध्ये अडचणीची पातळी शत्रूच्या ताकदीवर ठरते, इथे ती खोलीवर ठरते. 'सीमॉथ' ही छोटी पाणबुडी २०० मीटरपर्यंत जाते. सुधारणा करत गेलात तर ३००, ५००, ९००. प्रत्येक आकडा म्हणजे एक उंबरठा. त्याखाली प्रकाश बदलतो, आवाज बदलतात, आणि जे दिसत नाही त्याचं वजन वाढत जातं. 'रीपर लेव्हायथन' हा अजस्र प्राणी दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येतो. तो आवाज आल्यावर मी पाणबुडीचे दिवे बंद करून थांबले होते. इतका साधा उपाय सुचावा लागतो, गेम तो सांगत नाही. अज्ञानातून भीती, भीतीतून सावधपणा आणि सावधपणातून हळूहळू ओळख, हा क्रम इतक्या प्रामाणिकपणे कुठल्या गेमने बांधला असेल असं मला वाटत नाही.

आता बंदुकीकडे येऊ. गेमचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी बंदूक न देण्याचा संबंध सँडी हुकशी जोडला आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या त्या प्राथमिक शाळेत एका तरुणाने २० मुलं आणि सहा कर्मचारी गोळ्या घालून मारले. याच कंपनीने त्याच वर्षी 'नॅचरल सिलेक्शन २' हा गोळीबाराचा गेम काढला होता, हे लक्षात घेतलं तर निर्णयाचं वजन कळतं. तो आदर मी देते. पण 'सबनॉटिका'त मारता येत नाही हे खरं नाही. सुरी मिळते. समोरच्याला काही क्षण गोठवणारी स्टेसिस रायफल मिळते. दोन्ही मिळून चिकाटीने शेकडो वार केले तर रीपरही मरतो. आणि त्या बदल्यात हातात काय येतं? काहीही नाही. गुण नाहीत, कातडी नाही, बढती नाही.

मला विचाराल तर बंदूक नसण्यापेक्षा हा कोरेपणा जास्त महत्त्वाचा आहे. मी सॉफ्टवेअर बनवते. माणसं सूचना वाचून वागत नाहीत, ज्याचं बक्षीस मिळतं तसं वागतात, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. "हिंसा करू नका" असं भाषण देणाऱ्या आणि प्रत्येक मुडद्यामागे गुण देणाऱ्या गेम्सचा ढीग पडला आहे. इथे भाषण नाही, फक्त बक्षीस शून्य आहे, आणि म्हणून बहुसंख्य खेळाडू आपोआप मोठ्या प्राण्यांच्या वाटेला जात नाहीत. नीतिकथा सांगण्याची ही योग्य पद्धत.

पण हीच कसोटी बाकीच्या गेमला लावा. बक्षीस कशाचं मिळतं? उपसण्याचं. शंभर टक्के उपसण्याचं.

खोल समुद्रात घराला वीज हवी असेल तर एक पर्याय म्हणजे बायोरिअ‍ॅक्टर. त्यात सेंद्रिय काहीही चालतं. वनस्पती चालतात, मासे चालतात. मग शहाणा खेळाडू काय करतो? घरातच मोठा मत्स्यालय-कक्ष बांधतो, त्यात मासे वाढवतो आणि वाढले की उचलून रिअ‍ॅक्टरमध्ये टाकतो. दिवे लागतात. ही कुठली आडवाटेची युक्ती नाही, जुने खेळाडू नव्यांना देतात तो सर्रास सल्ला आहे. ज्या गेमला आपण अहिंसक म्हणतो त्यात मासे सरपण म्हणून जाळायला वाढवणं हा उत्तम नियोजनाचा नमुना ठरतो! अणुभट्टीही बांधता येते. तिच्या संपलेल्या कांड्या साध्या कचरापेटीत जात नाहीत, त्यासाठी खास आण्विक कचऱ्याची पेटी आहे. त्यात टाकल्या की कांड्या नाहीशा होतात. जैतापूरच्या प्रकल्पावरचा वाद वर्षानुवर्षं ऐकलेल्या माणसाला अशी पेटी पाहून हसावं की रडावं कळत नाही.

सगळ्यात मोठी विसंगती अंड्यांची. गेमच्या कथेत फार पूर्वी या ग्रहावर एक प्रगत परग्रही जमात येते. तिला एका जिवाणूवर औषध शोधायचं असतं. संशोधनासाठी ते सी ड्रॅगनचं अंडं उचलून आणतात. तो प्राणी अंड्यासाठी प्रयोगशाळेवर चाल करून जातो, प्रयोगशाळा फुटते, जिवाणू समुद्रात मोकळा होतो आणि ग्रहावरचं जीवन मरणपंथाला लागतं. याहून स्पष्ट धडा काय असू शकतो? आणि हा धडा वाचत असताना खेळाडूच्या कपाटात काय असतं? वेगवेगळ्या प्राण्यांची उचलून आणलेली अंडी. तो ती मत्स्यालयात टाकतो, उबवतो आणि कौतुकाने पाहतो. कुठलीच आई शोधत येत नाही. कथा एक सांगते, यंत्रणा दुसरंच शिकवते, आणि दोन्ही एकमेकांना ओळखही देत नाहीत.

यावर ठरलेला प्रतिवाद असतो: अहो, हा गेम आहे, सागरी जीवशास्त्राचं सिम्युलेशन नाही. खेळाडूला सतत शिक्षा केली तर खेळणार कोण? पण मी शिक्षेची मागणी करतच नाही. रीपरच्या बाबतीत गेमने शिक्षा केली नव्हती, फक्त बक्षीस काढून घेतलं होतं आणि तेवढ्याने वागणूक बदलली होती. म्हणजे निर्मात्यांना ही कला येत होती. अंडं उचललं की त्या भागातला एखादा प्राणी आक्रमक होणं, एकाच जागेचे मासे उपसले की शिकारी प्राण्यांनी वाट बदलणं, एवढंही पुरलं असतं. दुसरं म्हणजे, "गेमच तर आहे" ही सबब फक्त दोष दाखवल्यावरच का आठवते? कौतुक करताना हाच गेम पर्यावरणाचं महाकाव्य असतो. कौतुक गंभीरपणे करायचं असेल तर टीकाही तितकीच गंभीरपणे ऐकावी लागेल.

या उपशाच्या तर्काने गेमचा उत्तरार्ध पोखरला आहे. घरात पाणी गाळणारं यंत्र आलं, कुंड्यांत फळं लागली की भूक आणि तहान हे जगण्याचे प्रश्न उरत नाहीत. अधूनमधून भरायची बिलं होतात. 'सायक्लॉप्स' ही मोठी पाणबुडी आणि 'प्रॉन सूट' हाती आले की भीतीची जागा यादी घेते: अमुक खनिज इतके नग, तमुक खनिज तितके. ज्या समुद्रात आपण चोरपावलांनी शिरलो तिथे आता कपाटं मोजत फिरतो. त्यात तांत्रिक दोषांची भर. पाणबुडी वेगात असताना पुढचा समुद्रतळ डोळ्यांदेखत उगवतो; आधी पोकळ निळेपणा आणि मग एकदम खडक. अज्ञाताची भीती हेच ज्याचं भांडवल, त्या गेममध्ये हा किरकोळ दोष नाही. एवढं मोठं सलग जग तुकड्यातुकड्यांनी लोड करणं किती अवघड असतं याची मला कल्पना आहे, पण "लहान टीम होती, चालायचंच" हे पूर्ण पैसे देणाऱ्या माणसाला सांगण्याचं उत्तर नव्हे.

२०२१ मध्ये आलेल्या 'बिलो झिरो' या पुढच्या गेमबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. जग लहान झालं, जमिनीवरची पायपीट वाढली आणि नायिका बोलू लागली. पहिल्या गेमचा नायक मुका होता म्हणून समुद्राला बोलायला जागा होती.

पहिल्या गेमच्या शेवटाकडे मात्र परत यायला हवं, कारण तिथे निर्मात्यांना सगळं कळत होतं याचा पुरावा आहे. तुम्ही ज्या 'अल्टेरा' कंपनीच्या यानातून आलात, ती घरी परतलेल्या तुम्हाला उतरू देण्याआधी वापरलेल्या मालाचं बिल लावते: दहावर बारा शून्यं इतकं नाही, पण एकावर बारा शून्यं इतकं, एक लाख कोटी क्रेडिट्स. तुम्ही ग्रहावरून जे ओरबाडलं ते सगळं कंपनीच्या मालकीचं होतं. विनोद झकास आहे. पण बिल मागते ती कंपनी. समुद्र काहीच मागत नाही. गेमला माणसाचं शोषण दिसतं, समुद्राचं दिसत नाही.

आणि वास्तवाने या विनोदावर कडी केली. २०२१ मध्ये 'अननोन वर्ल्ड्स' कोरियाच्या 'क्राफ्टन'ने विकत घेतली. 'क्राफ्टन' म्हणजे 'पबजी'वाले. पबजी मोबाइलवर आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि पुढच्या वर्षी तोच खेळ 'बीजीएमआय' होऊन परतला. बंदूक नाकारणाऱ्या गेमची मालकी बंदुकीवर मोठ्या झालेल्या कंपनीकडे गेली. जुलै २०२५ मध्ये क्लीव्हलँड यांच्यासह तिघा प्रमुखांना पदावरून काढण्यात आलं आणि २५ कोटी डॉलरपर्यंतच्या बोनसवरून प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं. कोण बरोबर, कोण चूक हे ठरवणं माझं काम नाही. पण 'बंदूक नाही' हा सद्गुण किती सहज विकत घेता येतो हे यातून दिसतं. बंदूक नसणं बाजाराला अडचणीचं नाही. उपसा थांबवणं अडचणीचं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: 'सबनॉटिका' जरूर खेळा, हेडफोन लावून, अंधारात, कुठलीही माहिती न वाचता. पण त्याला निसर्गाचा गेम म्हणू नका. तो भीतीचा उत्कृष्ट गेम आहे आणि उपशाचा अत्यंत सोयीस्कर गेम आहे. मराठीत गेम्सबद्दल लिहिणं आता कुठे सुरू होतंय. ते "मुलं बिघडतात" आणि "ग्राफिक्स भारी आहेत" या दोन टोकांमध्ये अडकू नये असं वाटत असेल, तर प्रत्येक गेमला एक प्रश्न विचारायची सवय लावू या: तू तोंडाने काय सांगतोस ते राहू दे, बक्षीस कशाचं देतोस?